अंगाला लागणारं कापड निवडायचं कसं: पट्टी वाचण्यापासून धागा जाळून बघण्यापर्यंत

सरळ मुद्द्यावर येते. कपडे घेताना आपण रंग बघतो, किंमत बघतो, आरशासमोर धरून बघतो, आणि आतल्या शिवणीत जी छोटी पांढरी पट्टी शिवलेली असते ती घरी आल्यावर टोचते म्हणून कात्रीने उडवतो. खरी माहिती तेवढ्या पट्टीवरच असते. बाहेर दोरीला लटकवलेला जो टॅग असतो, हिरवं पान वगैरे काढलेला, 'इको', 'नॅचरल टच', 'कॉटन फील', तो सगळा जाहिरातीचा भाग. आणि 'कॉटन फील' लिहिलं असेल तर ते पूर्ण कॉटन नाही असंच धरून चाला, असतं तर सरळ कॉटन लिहिलं असतं ना.

मी नागपूरची. मे महिन्यात इथे पारा ४५ ला जाऊन टेकतो, त्यामुळे कापडाचा विषय आमच्याकडे हौसेचा नाही, घामोळं, मांडीतली खाज, गजकर्ण ह्या सगळ्याशी जोडलेला आहे. आणि आजूबाजूला सगळा कापसाचा पट्टा, म्हणजे हे कापड कुणाच्या शेतातून येतं, फवारणी कोण करतं, तेही माहीत असतं. म्हणून तब्येत आणि पर्यावरण दोन्ही एकत्रच लिहितेय, दुकानात आणि घरी ज्या क्रमाने करायचं त्या क्रमाने.

पायरी १. कुठला कपडा आधी बदलायचा ते ठरवा

असले लेख वाचून लोक कपाट रिकामं करायला बसतात. अजिबात करू नका. जो पॉलिएस्टरचा कुर्ता बनलाय तो बनलाय, तो फेकून नवा ऑर्गॅनिक कुर्ता आणला तर एका कपड्याच्या जागी दोन कपड्यांचा भार झाला. जुना आहे तो घाला, फाटेपर्यंत घाला, आणि पुढची खरेदी बदला.

खरेदीतही क्रम लावा. सगळ्यात आधी जे दिवसरात्र थेट कातडीला लागतं ते: बनियन, चड्डी, ब्रा, परकर, नाईटी, मोजे, उशीचे अभ्रे, चादरी आणि लहान बाळाचं सगळंच. त्यानंतर रोजचे ऑफिसचे, कॉलेजचे कपडे. लग्नातला भरजरी शालू, वर्षातून दोनदा घालायचं जॅकेट, रेनकोट, हे सगळं शेवटी, त्यात पॉलिएस्टर असलं तरी काही आभाळ कोसळत नाही. रेनकोट तर सिंथेटिकचाच लागतो, सुती रेनकोट घालून मुंबईच्या पावसात जाऊन दाखवा. गंमत म्हणजे बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, वरचा शर्ट भारी लिननचा आणि आत चकचकीत नायलॉनची चड्डी.

पायरी २. पट्टी वाचा, आणि कापडाच्या नावांना फसू नका

पट्टीवर टक्के दिलेले असतात. कॉटन, लिनन, वूल, सिल्क ही नैसर्गिक. पॉलिएस्टर, नायलॉन, पॉलिअमाइड, अ‍ॅक्रिलिक ही पेट्रोलियमपासून बनलेली, म्हणजे प्लास्टिकच (पॉलिअमाइड म्हणजे नायलॉनच, नाव जरा भारदस्त). इलॅस्टेन, स्पॅन्डेक्स, लायक्रा हे तिन्ही एकच, ताणायचा रबरी धागा, तोही सिंथेटिक. व्हिस्कोस, रेयॉन, मोडाल, लायोसेल ही मधली जात, लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात केलेली.

आता जिथे बहुतेक सगळे गंडतात ती जागा. जॉर्जेट, क्रेप, शिफॉन, सॅटिन ही धाग्याची नावं नाहीतच, ती विणीची नाहीतर पोताची नावं आहेत. सॅटिन रेशमाचं असतं, कॉटनचं असतं आणि बाजारात मिळणारं स्वस्त सॅटिन जवळजवळ कायम पॉलिएस्टरचं असतं. तसंच 'होजिअरी' म्हणजे कॉटनच असं काही नाही. आणि खादीच्या दुकानात मिळतंय म्हणजे शंभर टक्के सुती असंही समजू नका, खादी भांडारात पॉलीवस्त्र नावाचं कापड असतं त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं असतं, ते लपवत नाहीत, फक्त आपण विचारत नाही.

कापडाची टक्केवारी बघताना माझा हिशोब असा: आतल्या कपड्यात ५ टक्के इलॅस्टेन चालेल, त्याशिवाय चड्डी आणि लेगिंग अंगाला नीट बसत नाही. पण '६० टक्के कॉटन ४० टक्के पॉलिएस्टर' लिहिलेला नाईट ड्रेस नको, कारण त्यात घाम शोषायची ताकद कमी होते आणि पुढे ते दोन धागे वेगळे काढणं अवघड असल्याने रिसायकलही नीट होत नाही.

पायरी ३. पट्टीच नसेल तर धागा जाळून बघा

नागपूरच्या गांधीबागेतून, पुण्याच्या कापडगंजातून किंवा मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून ताक्यावरचं कापड घेतलं की पट्टीचा प्रश्नच येत नाही. दुकानदार म्हणणार, 'प्युअर कॉटनच आहे ताई, डोळे झाकून न्या.' डोळे उघडे ठेवा आणि कडेचे धागे काढून मागा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, काही जण तर स्वतःच काडेपेटी काढून दाखवतात.

उभा आणि आडवा असे दोन्ही धागे काढायचे, कारण कित्येक कापडात उभा ताणा पॉलिएस्टरचा असतो आणि आडवा बाणा कॉटनचा. एकच धागा जाळून कॉटन म्हणून खूश होऊ नका. घरी करायचं तर धागा चिमट्यात धरा, खाली सिंक किंवा पाण्याची वाटी, हातात ओढणी लोंबत नको, मुलं जवळ नकोत.

कॉटन आणि लिनन भसकन पेटतं, कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चोळली तर उडून जाईल अशी मऊ राख राहते. पॉलिएस्टर आगीपासून आधी आकसतं, मग वितळतं, काळा धूर येतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो जो बोटाने फुटत नाही (गार होऊ द्या मग हात लावा, चटका जोरदार बसतो). रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, काळी गाठ होते पण ती चुरगळली की पीठ होतं. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात, कागदाचा वास पण आणि कडक मणी पण.

ह्यात एक अडचण अशी की व्हिस्कोसही कॉटनसारखंच जळतं. त्याची परीक्षा पाण्याने. धागा ओला करून ओढा, व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर होतं आणि पटकन तुटतं, कॉटन ओलं झालं की उलट जास्त मजबूत होतं. रेयॉनचे कुर्ते पिळताना फाटतात किंवा वेडेवाकडे होतात त्याचं कारण हेच.

पायरी ४. आता कुठला धागा कशासाठी

कॉटन. आपल्या हवेसाठी पहिला नंबर ह्याचाच, ह्यात फार वाद नाही. कॉटन स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा हवेतूनच धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणून पॉलिएस्टरच्या शर्टात घाम अंगावर चिकचिकत राहतो. वासाचंही तसंच, बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाने २०१४ मध्ये व्यायामानंतरच्या टीशर्टांवर अभ्यास केला त्यात पॉलिएस्टरच्या टीशर्टला जास्त वाईट वास आला आणि वास करणारे जंतू त्यावर जास्त वाढले.

पण कॉटन म्हणजे निसर्गाला काहीच त्रास नाही हे मला पटत नाही, विदर्भात राहून तर नाहीच पटणार. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. बोंडअळीला मारणारं बीटी बियाणं २००२ मध्ये आलं तेव्हा फवारणी कमी होईल म्हणाले होते, पुढे गुलाबी बोंडअळीला त्याचं काही वाटेनासं झालं आणि फवारे परत सुरू. पाण्याचं बोलायचं तर एक किलो कॉटन कापडाला १० हजार लिटर पाणी लागतं असं सगळीकडे छापून येतं, ती जगाची सरासरी आहे, आणि आपल्याकडचा बहुतेक कापूस कोरडवाहू, पावसावरचा, त्याला कालव्याचं पाणी लागतच नाही. म्हणजे पाण्याचा आकडा बघून विदर्भातल्या कॉटनला नावं ठेवू नका, ठेवायची तर फवारणीला ठेवा.

ऑर्गॅनिक कॉटनबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की साध्या कॉटनच्या कपड्यात कीटकनाशक राहतं आणि ते अंगात जातं. कापड व्हायच्या आधी धागा उकळतो, ब्लीच होतो, धुतला जातो, शेवटी त्यात शेतातलं फारसं काही उरत नाही. ऑर्गॅनिकचा खरा फायदा जमिनीला आणि फवारणी करणाऱ्या माणसाला. त्यासाठी जास्त पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, मी चादरींना आणि बाळाच्या कपड्यांना देते, पण अंगावर पुरळ येतंय म्हणून ऑर्गॅनिक घ्यायला जाल तर तो इलाज बहुतेक वेळा चुकीचा, त्याचं कारण रंगात आणि फिनिशमध्ये असतं, ते पुढे येतंय.

कॉटनमध्ये काय मागायचं? उन्हाळ्याला मलमल आणि कॅम्ब्रिक, परकराला पॉपलिन, चादरीला हातमागाचं जाड कापड. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात मात्र जाड कॉटन आणि जीन्स वाळतच नाही, दोन दोन दिवस दमट राहते आणि दमट कपडा घालणं हे बुरशीला घरी बोलावणं आहे. तिथे पातळ मलमल नाहीतर लिनन, आणि आतले कपडे इस्त्री फिरवूनच घाला.

लिनन. जवसाच्या झाडाच्या खोडातून येतं (आपल्याकडे जवस लावतात ते चटणीसाठी आणि तेलासाठी, कापडाचा धागा मुख्यतः युरोपातून येतो). घाम झटकन शोषतं, लवकर वाळतं, वर्षानुवर्षं टिकतं. चुरगळतं. ते चालवून घ्यायचं असेल तर घ्या, आणि चुरगळत नाही असं लिनन कुणी विकत असेल तर पट्टी बघा.

व्हिस्कोस, रेयॉन आणि 'बांबू'. इथे जरा थांबा कारण सगळ्यात जास्त हिरवी पानं ह्याच टॅगवर असतात. अंगाला हे कापड छान असतं, मऊ, थंड, घाम शोषणारं, त्याबद्दल तक्रार नाही. पण लाकडाचा लगदा विरघळवायला कार्बन डायसल्फाइड वापरतात, ते कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे आणि कारखाना नीट चालवला नाही तर हवापाण्यात जातं. बाजारातले 'बांबू'चे मोजे, टॉवेल, बाळाचे कपडे हे जवळजवळ सगळे बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोसच असतं. अमेरिकेत २००९ मध्येच तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने विकणाऱ्यांवर कारवाई केली की रेयॉनला बांबू म्हणून विकू नका. ह्या घराण्यातलं घ्यायचं असेल तर पट्टीवर 'लायोसेल' शोधा, त्यात वेगळं द्रावण वापरतात आणि ९९ टक्क्यांच्या वर परत काढून पुन्हा वापरतात. महाग पडतं, पण कुर्ता आणि झोपायच्या कपड्यांना मस्त.

पॉलिएस्टर. टिकतं, इस्त्री लागत नाही, स्वस्त, ह्यामुळे जगातल्या एकूण धाग्यात निम्म्याच्या वर हेच आहे. धुताना ह्यातून बारीक प्लास्टिकचे तंतू सुटतात. ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये मोजलं तर ६ किलोच्या एका धुण्यातून अ‍ॅक्रिलिकचे ७ लाखांवर तंतू निघू शकतात असा अंदाज आला, पॉलिएस्टरचेही लाखांतच. बाटल्यांपासून केलेलं 'रिसायकल्ड पॉलिएस्टर' सुद्धा असेच तंतू सोडतं, आणि ज्या बाटलीची पुन्हा बाटली झाली असती तिचा टीशर्ट झाला की पुढचा रस्ता बहुतेक कचऱ्याचाच. तरी एका ठिकाणी मी पॉलिएस्टरच्या बाजूने बोलेन: रोज ५-१० किलोमीटर पळणाऱ्याला ओला झालेला कॉटनचा टीशर्ट घासतो, सालटं निघतात, तिथे ड्राय फिट घाला. फक्त पळून आल्यावर त्याच कपड्यात चहा पीत तासभर बसू नका.

रेशीम आणि लोकर पटकन सांगते. भंडारा, गडचिरोलीकडचं टसर, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर किडे वाढवून काढलेलं, हे आपल्या विदर्भातलंच आणि जंगल राखून होणारं काम आहे, साडी घ्यायचीच तर करवत काठीची बघा. कोष उकळल्याशिवाय नेहमीचं रेशीम निघत नाही, ते ज्यांना नको त्यांनी अहिंसा सिल्क मागावं. थंडीत फुटपाथवर मिळणारे झगमगीत स्वेटर बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात, शेकोटीजवळ ते घालून बसू नका, अ‍ॅक्रिलिक-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. स्वयंपाकघरातही तेच, अंगासरशी सुती घाला, घोळदार नको, कारण कॉटनही पेट घेतंच.

पायरी ५. रंग आणि फिनिश

अंगाला खाज सुटते तेव्हा आपण धाग्याला दोष देतो. दोष खूपदा वरच्या लेपाचा असतो. 'रिंकल फ्री', 'नो आयर्न' शर्टांना जे फिनिश देतात त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं, ज्यांची कातडी नाजूक त्यांना त्याने पुरळ उठतं. पाणी न चिकटणारा, डाग न पडणारा कपडा असेल तर त्यावर फ्लोरिनचं रसायन असू शकतं, शाळेच्या युनिफॉर्मला ते कशाला हवं? आणि गडद निळ्या, काळ्या सिंथेटिक कपड्यांमधले काही रंग धाग्याला पक्के बांधलेले नसतात, घामाने आणि घासण्याने सुटून काखेत, कमरेवर, मांडीला ॲलर्जी करतात. कुठे खाज येते ती जागा बघा, कपडा जिथे घट्ट घासतो बरोबर तिथेच असेल तर हाच संशय आधी घ्या. दोन आठवडे फिक्या रंगाचं सैल कॉटन घालून बघा. गोल चट्टा असेल, कडेने वाढत असेल तर कापडाचा विषय सोडा आणि स्किनच्या डॉक्टरकडे जा, मेडिकलमधून मनाने ट्यूब आणून लावू नका, त्यातल्या स्टेरॉइडने गजकर्ण चिघळतं.

दुकानात करायची टेस्ट: पांढरा रुमाल ओला करून कपड्याच्या आतल्या बाजूला घासा. रंग उतरला तर तो तुमच्या अंगालाही लागणार. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो हे आजीपासून ऐकतोय पण आजच्या रंगांना त्याने फारसा फरक पडत नाही, जास्तीचा रंग धुवून काढणं हाच उपाय.

म्हणून नवा कपडा न धुता घालायचाच नाही, बाळाचा तर दोन-तीनदा धुवूनच. आपल्याकडे पाचवीला बाळाला नवं न घालता जुन्या धुतलेल्या साडीचं दुपटं, जुन्या मलमलीचं झबलं घालायची पद्धत होती ती फार शहाणपणाची, शंभर वेळा धुतलेल्या कापडात ना खळ, ना सुटा रंग, ना फिनिश.

रंगाचा दुसरा खर्च नदी भरते. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या डाय युनिट्सनी नोय्यल नदीची इतकी वाट लावली की २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने ती युनिट्स बंद करायला लावली. इचलकरंजीच्या खाली पंचगंगेचं काय होतं ते कोल्हापूर-शिरोळकडच्यांना सांगायला नको. त्यामुळे जमेल तिथे न रंगवलेलं, कोरं, फिकं कापड घ्या, मांजरपाट किंवा ऑफ व्हाइट खादी, आतल्या कपड्यांना आणि अस्तराला तर रंग लागतोच कशाला?

पायरी ६. शिवताना अस्तर आणि नाडी

वरून सुंदर हातमाग कॉटन आणि आत टेलरने लावलेलं पॉलिएस्टर क्रेपचं अस्तर, म्हणजे अंगाला काय लागलं? पॉलिएस्टर. टेलरकडे देताना स्पष्ट सांगा की अस्तर कॉटनचंच, किंवा स्वतः मलमल घेऊन द्या, आणि ते आधी भिजवून आटवून द्या नाहीतर पहिल्याच धुण्यात कुर्ता गोळा होतो.

घट्टपणा हाही तब्येतीचाच भाग आहे. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन वयस्क बायकांच्या केसेस छापल्या, वर्षानुवर्षं कमरेला नाडी करकचून बांधून तिथे जखम झाली, ती बरी झालीच नाही आणि त्यात कातडीचा कॅन्सर झाला. असं होणं दुर्मिळ आहे, घाबरू नका, पण परकराला बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा लावा, नाडी सैल बांधा, जागा वरखाली बदलत राहा, आणि कमरेवर काळा पट्टा, सालटं, न भरणारी जखम दिसली तर दाखवून घ्या. आईला, सासूला हे आवर्जून सांगा, त्या स्वतःहून बोलत नाहीत.

पायरी ७. शिक्के

गॉट्स (GOTS, ग्लोबल ऑर्गॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) म्हणजे ऑर्गॅनिक धागा आणि पुढची रंगाई-धुलाई दोन्ही तपासलेली, त्यात कमीत कमी ७० टक्के ऑर्गॅनिक धागा लागतो. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे तयार कापडात घातक रसायनं ठरलेल्या मर्यादेच्या आत आहेत, त्याचा ऑर्गॅनिकशी संबंध नाही, पॉलिएस्टरलाही मिळतो. बाळासाठी घेताना त्यातला क्लास १ बघा, तो सगळ्यात कडक. खादी मार्क, हँडलूम मार्क, सिल्क मार्क हे कापड कशाचं आणि कसं विणलं ते सांगतात, रंगाबद्दल गॅरंटी देत नाहीत.

शिक्का दिसला की विश्वास ठेवायचा असंही नाही. २०२० मध्ये गॉट्सनेच जाहीर केलं की भारतात खोट्या सर्टिफिकेटांवर २० हजार टन कापूस ऑर्गॅनिक म्हणून पुढे गेला. शिक्क्याखाली लायसन्स नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. नंबरच नसेल तर तो शिक्का नाही, चित्र आहे.

पायरी ८. धुणं, वाळवणं, आणि शेवटी काय

सिंथेटिक कपडे गार पाण्यात, छोट्या सायकलवर, मशीन भरून लावा, अर्धं मशीन फिरवलं की कपडे जास्त आपटतात आणि तंतू जास्त सुटतात. जीन्स आणि जॅकेट प्रत्येक वेळी धुवायची गरज नसते. आतले कपडे, मोजे, टॉवेल मात्र रोज, उलटे करून कडक उन्हात. रंगीत कॉटन सावलीत. फॅब्रिक सॉफ्टनर टॉवेलला आणि बनियनला लावू नका, त्याचा थर बसून पाणी शोषणं कमी होतं आणि त्यातला सुगंध कित्येकांना सोसत नाही.

कपडा जुना झाला की कॉटनचं काम संपत नाही: ओढणीचं दुपटं, चादरीचे पायपुसणे, मऊ साड्यांची गोधडी, बनियनचं फडकं. सिंथेटिकचं फडकं पाणी टिपत नाही, त्याच्या बाजाराच्या पिशव्या शिवा. बाकी धड असलेले कपडे बोहारणीला द्या, ती ते धुवून, दुरुस्त करून परत बाजारात आणते, आणि घासाघीस करताना एक लक्षात ठेवा, पातेलं छोटं देतेय म्हणून वाद घालायचा तो सुती साड्यांवर घाला, नायलॉनच्या साड्यांना तिलाही फारसं गिऱ्हाईक नसतं.